बांधावरचं सागवान विकताय? उक्ता सौदा करण्याआधी या ४ गोष्टी तपासा

नांदेड/लातूर : मुलीचं लग्न, घराचा स्लॅब किंवा दवाखान्याचा मोठा खर्च निघाला की बांधावरच्या सागवानाकडे नजर जाते. व्यापारी येतो, झाडांवरून नजर फिरवतो आणि ‘सगळी मिळून इतके’ असा उक्ता भाव सांगतो. वीस-पंचवीस वर्षं सांभाळलेल्या झाडाचा सौदा दहा मिनिटांत होतो. त्यामुळे झाडाला कुऱ्हाड लागण्याआधीच हिशेब समजून घ्या.

किनवटचा साग, लातूरचा साग

मराठवाड्यातलं सागाचं मोठं जंगल किनवट-माहूर पट्ट्यात आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. साग, ऐन, धावडा, मोह ही इथल्या पानगळीच्या जंगलातली ओळखीची झाडं. लातूरमध्ये जंगल नगण्य; तिथे साग दिसतो तो बांधावर आणि शेतात. सागाला निचऱ्याची जमीन लागते. पाणी धरून ठेवणाऱ्या चिकट काळ्या रानात त्याची वाढ खुंटते. त्यामुळे एकाच वयाच्या दोन झाडांची किंमत सारखी नसते.

१. गाभा किती?

सागाला भाव मिळतो तो गाभ्यामुळे. गाभ्यातलं तेल आणि टेक्टोक्विनोन हा घटक वाळवीला दूर ठेवतो. बाहेरचं पांढरट लाकूड तेवढं टिकत नाही. कोवळ्या झाडात गाभा कमी असतो, म्हणून घाईने तोडलेल्या झाडाला कमी भाव मिळतो. ‘थोड्या वर्षांत सागातून लाखो’ या जाहिरातींपासूनही सावध राहा. सागाच्या नावावर गुंतवणूकदारांकडून पैसे घेणारी चेन्नईची अनुभव प्लांटेशन्स १९९८मध्ये बुडाली होती.

२. माप कसं काढायचं?

गोल लाकडासाठी रूढ सूत्र सोपं आहे : घेराला ४ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि त्याला लांबीने गुणा.

समजा, ओंडक्याचा मधला घेर १ मीटर आणि लांबी ३ मीटर आहे.
०.२५ × ०.२५ × ३ = ०.१८७५ घनमीटर, म्हणजे सुमारे ६.६ घनफूट.

हाच ओंडका गोल दंडगोल धरून मोजला तर सुमारे ८.४ घनफूट भरतो. म्हणजे कापताना वाया जाणाऱ्या लाकडाची जवळपास २१ टक्के सूट सूत्रातच आहे. त्यावर ‘घट’ म्हणून पुन्हा मोठी कपात होत असेल तर कारण विचारा. सालीची वजावट करायची असेल तर ती किती सेंटीमीटर, हे आधीच ठरवा.

३. सातबारावर नोंद आहे का?

झाड तुमच्याच जमिनीत आहे, हे कागदावर दिसायला हवं. ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवण्याची सोय आहे. सामाईक बांध असेल तर शेजाऱ्याची संमती आधी घ्या.

४. परवाना कोणाचा?

स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम, १९६४च्या अनुसूचीत साग आहे. तोडीसाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आणि माल हलवण्यासाठी वन विभागाचा वाहतूक परवाना, असे दोन वेगळे कागद लागतात. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांनी व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नये. किनवट परिसरात चोरट्या सागवानावर वारंवार कारवाया होतात. कागद नसतील तर शेतातला मालही अडकू शकतो.

सौद्याच्या दिवशी

‘परवान्याचं आम्ही बघतो’ असं व्यापारी म्हणाला तरी अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा. भाव झाडावर नव्हे, घनफुटावर ठरवा. वन विभागाच्या डेपोतले लिलावाचे दर आधी विचारून घ्या. प्रत्येक ओंडक्याचा घेर आणि लांबी वहीत लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि गाडी भरण्याआधी बेरीज दोघांनी मिळून तपासा.