अंटार्क्टिकाला जाताना पेटीत काय घ्याल?

दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ उशुआया नावाचे बंदर आहे. नोव्हेंबर ते मार्च हा तेथला उन्हाळा. त्या दिवसांत तेथून प्रवासी जहाजे अंटार्क्टिकाला जातात. समजा, अशाच एका जहाजावर तुम्हांला जायचे आहे. पेटीत काय भराल? 'सर्वांत जाड कोट!' असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा.

कपडे उष्णता निर्माण करीत नाहीत. ती शरीरात निर्माण होते. कपडे तिला अडवून धरतात, इतकेच. हे काम मुख्यतः धाग्यांत अडकलेली स्थिर हवा करते, कारण हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. पाण्यातून मात्र हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून जाते. म्हणून कपडे ओले झाले, की ऊब संपली!

ही ओल घामाचीही असू शकते. १९११ च्या हिवाळ्यात कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतील तिघेजण एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. त्यांपैकी चेरी-गॅरार्ड एकदा तंबूबाहेर येऊन मान वर करून पाहू लागला. तेवढ्यात त्याचे दमट कपडे गोठून कडक झाले आणि मान तशीच अडकली! पुढे चार तास त्याला तशा स्थितीतच घसरगाडी ओढावी लागली.

म्हणून पेटीत तीन थर घ्या. आतला थर अंगाला चिकटणारा, लोकरीचा. सुती बनियन नको. ते घाम शोषते आणि लवकर वाळत नाही. मधला थर सैलसर स्वेटरचा, हवा धरून ठेवणारा. बाहेरचा थर वारा व पाणी अडवणाऱ्या जाकिटाचा. चालताना उकडू लागले, की घाम फुटण्यापूर्वीच एक थर उतरवा. एकाच जाड कोटात ही सोय कोठून?

किनाऱ्यावर जाताना रबरी होडीतून उथळ पाण्यात उतरावे लागते, म्हणून उंच गमबूट हवेत. आत जाड पायमोजे घाला, पण बूट घट्ट होऊ देऊ नका.

निघण्यापूर्वी खिसे आणि शिवणी नीट झाडा. त्यांत गवताचे बी असू शकते. माणसांबरोबर आलेले पोआ अॅन्युआ हे परके गवत अंटार्क्टिकात रुजलेले आढळले आहे.

आता एक प्रयोग करा. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. एकीवर कोरडा लोकरी मोजा चढवा, दुसरीवर तसाच पण ओला. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. कोणती बाटली आधी थंड होते? वहनाबरोबर बाष्पीभवनाचाही त्यात किती वाटा असेल, यावर वर्गात चर्चा करा.