पितळ उघडे पडले!

भंडाऱ्याच्या माणसाला पितळेची ओळख करून द्यावी लागत नाही. आमचे गाव पितळी भांड्यांसाठी एके काळी इतके गाजलेले, की ‘पितळेचे शहर’ असे नावच त्याला पडले. पुढे स्टीलने घरोघरची फडताळे व्यापली आणि आमच्या पितळेची चकाकी ओसरली, ही गोष्ट निराळी. परंतु करंगळीएवढ्या एका पितळी तुकड्यापायी आमच्या घरचे साठ हजार रुपये कसे जाता जाता राहिले, ती हकीकत या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांना सांगावी असे मनात आले. ज्यांच्या दाराशी मोटार आहे त्यांना तिचा उपयोग होईल; ज्यांच्या दाराशी नाही त्यांची निदान करमणूक तरी होईल.

मी पेशाने मराठीचा शिक्षक. वृत्ते आणि अलंकार यांपलीकडे मला कशाची दुरुस्ती येत नाही, असे आमच्या घरातले एकमुखी मत आहे. परंतु आईच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी महिन्यातून एकदा नागपूरला जावे लागे. अंतर साठेक किलोमीटरचेच. पण ऐंशी वर्षांच्या म्हातारीला बसच्या गर्दीत कसे चढवावे? म्हणून पेट्रोलवर चालणारी एक जुनी मोटार आम्ही घेतली. दोन वर्षे तिने निमूटपणे सेवा केली. तिसऱ्या वर्षी, पौषातल्या थंडीत, तिचे बिनसले.

पहिली तक्रार सौ.ने केली. भरलेले पेट्रोल आणि कापलेले अंतर हिशेबाच्या वहीत टिपून ठेवण्याची तिची सवय. “अहो, लिटरला सोळा किलोमीटर जाणारी गाडी अकरावर आली, हे काय?” मी म्हणालो, “थंडी आहे.” पुढे मागच्या नळीतून काळा धूर येऊ लागला, अंगणात पेट्रोलचा वास सुटू लागला. मी म्हणालो, “जुनी गाडी आहे.” मला समाधान एकाच गोष्टीचे होते. इंजिनाचे तापमान दाखवणारा समोरचा काटा पूर्वी बरोबर मध्यावर उभा राही. आता कितीही पळालो तरी तो मध्याच्या बराच खाली! “पाहा, इंजिन कसे थंडगार आहे,” असे मी शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत असे.

माघात आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. परतताना मौद्याला चहासाठी थांबलो. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर गाडी नुसती कण्हते, चालू काही होत नाही. डोळ्याला पट्टी बांधलेली आई मागे बसलेली, महामार्गावरून ट्रक धडधडत चाललेले, अंधार दाटत आलेला. “आलं का रे भंडारा?” आईने विचारले. काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. पाऊण तासाने गाडी आपणहून राजी झाली आणि आम्ही कसेबसे घर गाठले.

दुसऱ्याच आठवड्यात एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या तरुणाने धूर पाहिला, काळवंडलेले प्लग पाहिले आणि निकाल दिला: “इंजिन संपले. खोलावे लागेल. साठ हजार धरून चला.” एवढी रक्कम आमच्याजवळ एकाच ठिकाणी होती, मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या ठेवीत. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. शेवटी सौ. म्हणाली, “ठेव मोडायची तर मोडू, पण आधी आपल्या गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींना एकदा विचारा.”

मिस्त्री साठीचे. त्यांनी गाडी अर्धा तास चालू ठेवली, काट्याकडे पाहिले आणि मग रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी नळीला बोट लावून चटकन मागे घेतले.

“गुरुजी, नळीले हात लावला तर चटका बसून राहिला, अन् काटा म्हणते इंजिन थंड आहे. दोघांतला एक खोटा आहे जी!”

“म्हणजे इंजिन गेले नाही?”

“इंजिनले काही झालं नाही. त्याले खबर देणारा बिघडला.”

ती खबर म्हणजे काय, हे मिस्त्रींनी मला चुलीच्या दाखल्याने पटवले. ओल्या लाकडांची चूल पेटवताना आपण रॉकेलचा जास्तीचा शिडकावा करतो. एकदा जाळ धरला की हात आवरता घेतो. इंजिनाचेही तसेच. ते थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही. थेंब नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावे लागते. इंजिन तापले की मात्र एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, हे प्रमाण सांभाळावे लागते. जुन्या फियाट-अँबॅसडरच्या काळी हे काम चालकाच्या हाती होते. सकाळी चोकची दांडी ओढायची आणि गाडी तापली की आठवणीने आत ढकलायची. जो विसरला त्याच्या गाडीतून काळा धूर निघे आणि खिशातून पैसे!

आता चोकची दांडी गेली. तिच्या जागी गाडीत एक छोटा संगणक आला. मिस्त्री मंडळी त्याला ईसीएम म्हणतात. पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, पंखा केव्हा लावायचा, हे सारे तो ठरवतो. परंतु तो बसलेला असतो डबीत बंद. इंजिन किती तापले हे त्याला कसे कळावे? ते सांगतो कूलंटचा तापमापक सेन्सर. इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात, म्हणजेच कूलंटमध्ये, त्याचे टोक बुडलेले असते. आमच्या गाडीत समोरचा काटाही त्याच्याच बातमीवर हालत होता.

या सेन्सरच्या पोटात एक मणी असतो. साधी धातूची तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. या मण्याचा तापल्यावर उलट कमी होतो. असा उलटा स्वभाव १८३३ साली मायकेल फॅरडेला सिल्व्हर सल्फाइडमध्ये प्रथम दिसला होता. नेहमीच्या बनावटीच्या सेन्सरचा विरोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना तो सव्वातीनशेच्या आसपास येतो. या आकड्यावरून संगणक तापमान ओळखतो.

इंजिन पार थंड झाल्यावर मिस्त्रींनी सेन्सर काढून माझ्या तळहातावर ठेवला. अंग चक्क पितळेचे! उष्णता चटकन आत पोहोचावी आणि पाण्यात गंज चढू नये, म्हणून पितळ. मग त्यांनी चहाचे पातेले मागवले. उकळत्या पाण्यात नवा सेन्सर धरला. मीटरने दोनशेच्या जरा खालचा आकडा दाखवला. आमचा जुना धरला. आकडा बाराशेजवळ अडून बसला. म्हणजे उकळत्या पाण्यात बुडूनही हे गृहस्थ संगणकाला सांगत होते, “चाळीसच अंश आहेत, आणखी पेट्रोल येऊ द्या!” सौ. दारातून पाहत होती. ती म्हणाली, “पितळ उघडे पडले म्हणायचे!”

मी विचारले, “पण मग इंजिनाचा पिवळा दिवा का लागला नाही?” मिस्त्री म्हणाले, “तार तुटली असती तर लागला असता. सेन्सरने उणे चाळीस अंश सांगितले तर संगणकही म्हणेल, भंडाऱ्यात एवढी थंडी कुठली? पण चाळीस अंश त्याले पटले नं जी!” साफ खोटे पकडले जाते, पटण्यासारखे खोटे खपते. धुराच्या नळीतही एक सेन्सर असतो. तो पेट्रोल जास्त झाल्याची तक्रार करतो. परंतु बऱ्याच गाड्यांत इंजिन पुरेसे तापल्याची खात्री होईपर्यंत त्याची तक्रार ऐकलीच जात नाही. मौद्याला तेच घडले. तापल्या इंजिनात थंड इंजिनाइतके पेट्रोल शिरले, प्लग भिजले आणि ठिणगी विझली.

“बरं झालं, थंडीतच आले,” मिस्त्री पुढे म्हणाले. “वैशाखात कळलं असतं तर महाग पडलं असतं.” ते खरेच होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. रेडिएटरचा पंखा लावण्याचा हुकूमही याच सेन्सरच्या बातमीवर सुटतो. इंजिन करपत असताना हा ‘थंड, थंड’ म्हणत राहिला असता, तर पंखा वेळेवर लागला नसता, हेड गॅस्केट जळाले असते आणि मग साठ हजारांचा तो निकाल खरा ठरला असता. शिवाय जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि आतून झीज सुरू होते, ते वेगळेच.

नवा सेन्सर, कूलंट आणि मजुरी मिळून साडेआठशे रुपये झाले. महिन्याभरात सौ.च्या वहीत पुन्हा सोळाचा आकडा उमटला. ठेव जिथल्या तिथे राहिली.

वाचकहो, मी काही मिस्त्री झालो नाही. पण तीन गोष्टी शिकलो. गाडी अचानक पेट्रोल पिऊ लागली, काळा धूर ओकू लागली, गरम असताना चालू होईना, तर इंजिन खोलण्याआधी हा सेन्सर तपासून घ्या. रेडिएटरमध्ये नळाचे खारे पाणी भरू नका. त्याचा क्षार सेन्सरच्या टोकावर बसतो आणि खबर उशिरा पोहोचते. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत कुकरसारखा दाब असतो, उकळते पाणी थेट तोंडावर उडते. काटा एकाएकी खाली गेला तरी हुरळून जाऊ नका. पाणी गळून सेन्सर कोरडा पडला, तरीही तो खाली जातो.

आईला आता स्पष्ट दिसते. परवा नागपूरहून येताना मौद्याला आम्ही पुन्हा चहाला थांबलो. किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. आई पुढच्या काचेतून पाहत म्हणाली, “काटा मध्यावर आहे रे, चल आता.”