ओठावरचा फोड आणि घरातला संशय

लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली असतात. एके सकाळी दोघांपैकी एकाच्या ओठाच्या कडेला बारीक, पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका उठतो. घरातली वडीलधारी मंडळी ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’ म्हणून मोकळी होतात. पण आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. शोधाशोध केली की आधी ‘हर्पीस’ हे नाव सापडतं, पाठोपाठ ‘लैंगिक आजार’ हे शब्द. मग दोघांच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो, आणि तो विचारायचा धीर कुणालाच होत नाही: हे आलं कुठून?

बहुतेक वेळा ते आलेलं असतं लहानपणी. हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला, एचएसव्ही-१, मुख्यतः तोंडाभोवती आढळतो. दुसरा, एचएसव्ही-२, मुख्यतः जननेंद्रियांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे दर तिघांतल्या जवळपास दोघांच्या शरीरात यातला पहिला प्रकार आहे. आजी, आत्या, शेजारच्या काकू अशा कुणीतरी प्रेमाने घेतलेला एक मुका त्यासाठी पुरतो. काही मुलांना त्या वेळी ताप येतो, हिरड्या सुजतात, तोंडभर फोड येतात. पण बहुतेकांना काहीच कळत नाही.

विषाणू मात्र जात नाही. ओठाच्या त्वचेतून तो चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या मुळाशी, कवटीच्या आत असलेल्या मज्जापेशींच्या गाठीत कायमचा मुक्काम ठोकतो. अनेकांच्या बाबतीत तो जन्मभर फोडाच्या रूपाने दिसतच नाही. काहींच्या बाबतीत ताप, कडक ऊन, जागरण, मानसिक ताण, मासिक पाळी किंवा दातांचं काम यांपैकी काहीतरी निमित्त घडतं आणि तो त्याच वाटेने पुन्हा ओठावर उतरतो. लग्नसराईत नेमकं हळदीच्या आदल्या दिवशी नवरीच्या ओठावर फोड येतो तो यामुळेच. धावपळ, ऊन आणि अपुरी झोप अशी सगळी निमित्तं तेव्हा एकदम जमलेली असतात. त्यामुळे पस्तिसाव्या वर्षी आयुष्यातला पहिला फोड उठला, म्हणजे लागणही त्याच वर्षी झाली, असा हिशेब मांडता येत नाही.

हा विषाणू कुणाचं चारित्र्य बघत नाही, याचा चांगला दाखला कुस्तीच्या मैदानातला आहे. १९८९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी मल्लांचं शिबिर भरलं होतं. त्यातल्या १७५ पैकी ६० मुलांना अंगावर आणि चेहऱ्यावर याच विषाणूचे फोड आले. डावपेच करताना त्वचेला त्वचा घासली गेली, एवढंच कारण. त्या मुलांच्या वर्तनाबद्दल कुणी चौकशी बसवली नाही. नवरा-बायकोंना मात्र ही सवलत मिळत नाही.

रक्ततपासणीने छडा लागेल, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे गर्भपात झाल्यावर किंवा मूल होण्याआधी ‘टॉर्च’ नावाची तपासणी सर्रास सांगितली जाते आणि त्यात हर्पीसही असतो. ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून घरात रडारड होते. प्रत्यक्षात ‘आयजीजी’ पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली आहे, इतकंच. कधी, कुणाकडून आणि शरीराच्या कुठल्या जागी, यातलं काहीही तो कागद सांगत नाही. ‘आयजीएम’ चाचणी या आजारात इतकी बेभरवशाची आहे की तिच्यावरून नवी लागण ठरवू नये. फोड ताजा असताना त्यातल्या द्रवाची पीसीआर तपासणी अधिक कामाची. पण तीही कुणाकडून आलं ते सांगू शकत नाही.

आता पसरण्याविषयी. फोड येण्याच्या काही तास किंवा एखादा दिवस आधी त्या जागी चुणचुण होते, खाज येते, ओठ ताणल्यासारखा वाटतो. ज्यांना वरचेवर त्रास होतो ते ही खूण अचूक ओळखतात. धोका तिथूनच सुरू होतो, फोड फुटून पाझरतो तेव्हा सर्वांत जास्त असतो, आणि खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत टिकतो. हा काळ साधारण आठ-दहा दिवसांचा. या दिवसांत चुंबन नाही, मुखमैथुनही नाही. दुसरी सूचना डॉक्टरसुद्धा बोलायला संकोचतात, म्हणून ती इथे स्पष्ट लिहिलेली बरी: ओठावरचा एचएसव्ही-१ मुखमैथुनातून जोडीदाराच्या जननेंद्रियांवर जाऊ शकतो. अमेरिकेत १४ ते ४९ वयोगटात या विषाणूचं प्रमाण १९९९-२००० मधल्या सुमारे ५९ टक्क्यांवरून २०१५-१६ पर्यंत ४८ टक्क्यांवर आलं. म्हणजे अधिक मुलं लागण न होता वयात येतात आणि त्यांची या विषाणूशी पहिली भेट कधी कधी थेट लैंगिक संबंधातच होते. कंडोम किंवा तोंड आणि त्वचा यांच्यामध्ये धरायचा लॅटेक्सचा पातळ पडदा वापरला तर ही शक्यता कमी होते.

कमीच होते, शून्य नाही. कारण ओठ स्वच्छ दिसत असतानाही लाळेत अधूनमधून विषाणू उतरतो. एरवी त्याला घाबरून कायमचं अंतर ठेवणं मला अव्यवहार्य वाटतं. शिवाय जोडीदारालाही लहानपणीच याच प्रकाराची लागण झालेली असेल, तर त्याच विषाणूची पुन्हा लागण होणं विरळा. अनेक जोडप्यांत हीच स्थिती असते. एका ताटात जेवल्याने किंवा एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होणारा प्रसार प्रत्यक्ष चुंबनाच्या तुलनेत अगदी किरकोळ. फोड ताजा असताना पेला, टॉवेल, लिपस्टिक वेगळी ठेवली की पुरे. आणि दरवेळी ‘तोंड आलंय’ म्हणजे हर्पीस नव्हे. गालाच्या किंवा ओठाच्या आत उठणारा पांढरट, झोंबणारा व्रण बहुधा वेगळा असतो आणि तो कुणाला लागत नाही.

औषधाचं गणित वेळेवर अवलंबून आहे. असायक्लोव्हिर हे औषध विषाणूची लागण झालेल्या पेशीतच, विषाणूच्याच एका विकरामुळे कामाला लागतं आणि त्याची नक्कल बनवणं थांबवतं. निरोगी पेशींना ते फारसं छळत नाही. ते ज्यांच्या संशोधनातून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पण बनून गेलेल्या विषाणूंचं ते काही करू शकत नाही. म्हणून चुणचुण होताच गोळी सुरू केली तर फायदा, तीन दिवसांनी घेतली तर जवळजवळ नाहीच. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. वारंवार फोड येत असतील तर ते रोजच्या गोळीचाही विचार करतात. मलमाचा उपयोग माफक. चुना किंवा टूथपेस्ट लावून कातडी मात्र भाजते. खाज-गजकर्णाच्या मलमांत अनेकदा स्टेरॉइड असतं. ते इथे लावलं तर विषाणूचं फावतं. ऊन हे ज्यांचं ठरलेलं निमित्त आहे त्यांनी सनस्क्रीन असलेला लिप बाम वापरावा. फोडाला हात लागला तर साबणाने धुवावा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स थुंकीने ओली करण्याची सवय सोडावी.

दोन ठिकाणी मात्र ढिलाई चालत नाही. बायको गरोदर असेल आणि नवऱ्याच्या ओठावर फोड येत असतील, तर शेवटच्या तीन महिन्यांत मुखमैथुन टाळावं. त्या काळात आईला जननेंद्रियांवर पहिल्यांदाच लागण झाली तर प्रसूतीत बाळाला धोका मोठा असतो. आणि घरात महिना-दीड महिन्याच्या आतलं बाळ असेल, तर फोड असलेल्या कुणीही, बाळाच्या बापानेसुद्धा, त्याचा पापा घेऊ नये. इतक्या लहान बाळात हा विषाणू मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत पोचतो, जिवावर बेततो. बारशाला जमलेल्या पाहुण्यांना हे सांगायचं काम बाळंतिणीवर टाकू नये. ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, शक्यतो पाहुणे दारात असतानाच, उरकावं.