आकड्यांची रुजवात

माळव्याच्या रात्रीची कीर्ती जुनी आहे. बनारसची सकाळ आणि अवधची सायंकाळ यांच्या पंक्तीत रसिकांनी 'शब-ए-माळवा'ला मानाचे आसन दिले; आणि दिवसभर तापलेले पठार सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते हा ज्यांचा नित्याचा अनुभव, त्या इंदूरकरांना या कीर्तीसाठी कोणा शायराच्या शिफारशीची गरज कधी भासली नाही. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहरातील दिवस आणि रात्र, पौष आणि वैशाख यांच्या उष्णतामानातील हेच अंतर आज सर्वस्वी निराळ्या मंडळींच्या हिशेबात घोळ घालीत असते. आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमधून ग्राफिक्स कार्ड घेऊन जाणारे विद्यार्थी, चित्रफितींचे संपादक आणि संगणकीय खेळांचे शौकीन यांच्यापैकी काहीजण ते कार्ड कारखान्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालवून पाहतात, म्हणजेच ओव्हरक्लॉक करतात, आणि त्यातून काय साधले हे बेंचमार्क नावाच्या चाचणीला विचारतात. चाचणी एक आकडा देते. तो आकडा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. आणि साक्षीची उलटतपासणी केल्यावाचून तिच्यावर शिक्का मारणे कोणत्याही शहाण्या दफ्तरात मान्य होत नाही, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

वेगाची किंमत

ग्राफिक्स कार्डाच्या चिपमधील सहस्रावधी गणनघटक एका सामायिक ठोक्यावर काम करतात, आणि दोन ठोक्यांमधल्या अवधीत प्रत्येक विद्युत्संदेश आपल्या मुक्कामी पोहोचून स्थिर झालेला असावा लागतो. ठोके जवळ आणले की हा अवधी आखडतो. तो फारच आखडला तर संदेश अर्ध्या वाटेवर असतानाच पुढचा ठोका पडतो, आणि मग पडद्यावर रंगांचे चुकार ठिपके उमटतात किंवा यंत्र जागच्या जागी गोठते. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपादेखील गुणांनी सारख्या नसल्यामुळे कारखानदार त्यांतल्या दुबळ्या चिपेलाही झेपेल असा वेग जाहीर करतो, आणि सबळ चिपेच्या अंगी जी शिल्लक उरते तिच्यावरच ओव्हरक्लॉकरचा सारा व्यवहार चालतो.

व्होल्टेज वाढविले तर ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने पालटतात आणि वेगाला आणखी थोडा वाव मिळतो. पण त्याची किंमत जबर आहे. चिपेची गतिक शक्ती वारंवारतेच्या सम प्रमाणात, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दोन्ही केवळ ५ टक्क्यांनी वाढविली तरी हा खर्च सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. उलट, तीच वारंवारता कायम राखून व्होल्टेज १.०५ वरून ०.९५ वर उतरविता आले, तर सुमारे १८ टक्के बचत होते. हा दुसरा मार्ग, ज्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात, दिसायला निरुत्साही असला तरी उष्ण प्रदेशात पुष्कळदा तोच अधिक फलदायी ठरतो.

शिवाय आजच्या कार्डाला एकच एक वेग नसतो. २०१२ साली जीटीएक्स ६८० या कार्डाबरोबर एनव्हिडिया कंपनीने आणलेल्या 'जीपीयू बूस्ट' योजनेपासून कार्ड स्वतःच तापमान, वीज आणि व्होल्टेज यांच्या मर्यादा तपासून क्षणोक्षणी आपली गती ठरवू लागले. २०२१ साली बाजारात आलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डाच्या कागदावर १३२० मेगाहर्ट्झ हा मूळ वेग आणि १७७७ हा बूस्ट वेग नोंदलेला आहे. त्या कार्डात आपण १०० मेगाहर्ट्झची भर घालतो तेव्हा वस्तुतः वेग बदलत नसून वेग ठरविणारी वक्ररेषा वर सरकवितो, आणि प्रत्यक्ष वेग किती राहावा याचा अंतिम अधिकार कार्डाकडेच राहतो.

पुण्याचा 'एका'

घोषित सामर्थ्य आणि सिद्ध सामर्थ्य यांतील अंतराचे एक ठसठशीत उदाहरण मराठी मुलखातच घडले आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील पाचशे अग्रगण्य महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभारलेला 'एका' हा महासंगणक चौथ्या क्रमांकावर होता. त्याच्या १४,२४० गणनकेंद्रांना त्यांच्या ३ गिगाहर्ट्झ वेगाने आणि दर ठोक्याला होणाऱ्या ४ क्रियांनी गुणले की १७०.८८ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदास तितक्या लक्ष कोटी क्रिया, असे सैद्धांतिक सामर्थ्य निघते. परंतु समीकरणांचा प्रचंड संच सोडवून घेणाऱ्या लिनपॅक चाचणीत प्रत्यक्ष हाती आले ते ११७.९, म्हणजे सुमारे ६९ टक्के. पुढील जूनच्या यादीत गणनकेंद्रे जेमतेम १ टक्का वाढलेली असताना मोजलेले सामर्थ्य १३२.८ टेराफ्लॉपवर गेले. घड्याळाचा वेग तोच होता. वाढला तो त्याचा विनियोग. आणि तरीही 'एका' चौथ्यावरून आठव्या क्रमांकावर घसरला, कारण दरम्यान इतर यंत्रे त्याच्या पुढे गेली होती. गुणसंख्या वाढूनही क्रमांक उतरू शकतो, हे ज्याला उमगले तो कोणत्याही तुलनापत्रकाने सहसा फसत नाही.

येथे आणखी एका भ्रमाचे निरसन करावयास हवे. आरटीएक्स ३०६० च्या ३५८४ गणनघटकांना प्रति ठोका २ क्रियांनी आणि बूस्ट वेगाने गुणले असता १२.७ टेराफ्लॉप येतात. तेव्हा अशी नऊ-दहा कार्डे एकत्र आणली की घरातच 'एका' उभा राहिला, असे कोणी म्हणेल. परंतु कार्डाचा आकडा ३२ बिटांच्या गणिताचा आणि लिनपॅकचा ६४ बिटांच्या गणिताचा आहे, आणि या कार्डात ६४ बिटांच्या गणिताची गती ३२ बिटांच्या गतीच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतकीच, म्हणजे सुमारे ०.२ टेराफ्लॉप आहे. शिवाय एक आकडा कागदावरचा आणि दुसरा मोजलेला. माप एकच दिसले तरी माल एकच आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

पढविलेले साक्षीदार

साक्षीदार पढविला जाऊ शकतो, याचा पुरावाही इतिहासात आहे. २००१ साली एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डाचा ड्रायव्हर 'क्वेक ३' हा खेळ त्याच्या नावावरून ओळखतो असे आढळले. परीक्षकांनी खेळाच्या फाइलीत 'क्वेक'चे 'क्वॅक' केले, तेव्हा वेग उतरला आणि चित्राचा दर्जा मात्र सुधारला. २००३ च्या मे महिन्यात थ्रीडीमार्क ०३ या चाचणीच्या निर्मात्यांनी, फ्यूचरमार्कने, ड्रायव्हरला चाचणीची ओळख पटू नये अशी दुरुस्ती केली, आणि एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राची गुणसंख्या २४.१ टक्क्यांनी खाली आली. एटीआयच्या कार्डाची घटही १.९ टक्के होतीच. पुढे फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांच्यात तडजोडीचे निवेदन होऊन 'लबाडी' हा शब्द मागे घेण्यात आला, परंतु धडा कायम राहिला: चाचणी जितकी प्रसिद्ध, तितकी तिच्यापुरती तयारी करून ठेवण्याचा मोह अधिक.

सरासरीच्या आड

ज्यात कोणाचीही लबाडी नाही असा आकडादेखील भुलवू शकतो. समजा, एका दृश्यातील ६०० फ्रेम सेकंदास ५० या गतीने निघाल्या आणि दुसऱ्यातील ६०० फ्रेम १५० च्या गतीने. तर सरासरी १०० नव्हे, १६ सेकंदांत १२०० फ्रेम म्हणजे ७५ होय. स्कॉट वॉसन या परीक्षकाने २०११ साली 'द टेक रिपोर्ट'मध्ये आणखी पुढे जाऊन दाखविले की सेकंदाला एकक मानणे हेच अपुरे आहे. सेकंदात ६० फ्रेम दिसल्या तरी त्यांतील एखादी १६.७ मिलिसेकंदांऐवजी शंभर घेत असेल तर डोळ्याला तो हिसका जाणवतो, आणि सरासरी मात्र निर्विकार राहते. म्हणून आज सरासरीबरोबर सर्वांत मंद १ टक्का फ्रेमांची गतीही नोंदविण्याचा प्रघात पडला आहे. मात्र निरनिराळी सॉफ्टवेअरे ती निरनिराळ्या रीतीने काढीत असल्यामुळे एका सॉफ्टवेअरच्या आकड्याशी दुसऱ्याचा आकडा ताडून पाहू नये.

वेगवाढीचे फळही नेहमी खंडूनच हाती येते. एका फ्रेमला लागणाऱ्या २० मिलिसेकंदांपैकी १४ चिपेच्या वेगावर आणि बाकीचे ६ मेमरी, प्रोसेसर इत्यादींवर अवलंबून असतील, तर चिप ८ टक्के वेगवान केल्यावर गती सेकंदास ५० वरून ५२.७ होईल, म्हणजे लाभ साडेपाच टक्क्यांच्या आतच राहील. मेमरीचे गणित त्याहून फसवे आहे. आरटीएक्स ३०६० ची १९२ बिटांची वाट आणि प्रत्येक बिटामागे सेकंदास १५ गिगाबिटांचा वेग मिळून ३६० गिगाबाइटांची वाहतूक होते. तो वेग १६ वर नेला तर कागदावर ३८४ दिसतात. पण जीडीडीआर५ पासून अशा मेमरीत दळणवळणातील चूक ओळखण्याची सोय आली, आणि जेथे चूक सापडताच तो मजकूर पुन्हा पाठविला जातो तेथे मर्यादा ओलांडल्यावर चित्र निर्दोष राहून गती मात्र गुपचूप उतरते. अशा वेळी चुकीची चाहूल डोळ्यांना लागत नाही, चाचणीलाच लागते.

पौष आणि वैशाख

आता माळव्याच्या हवेकडे वळू. हवेने थंड होणारे कार्ड भार आणि पंख्याची गती तीच असेल तर खोलीच्या तापमानाहून साधारण ठरावीक अंशांनी वर राहते. ते अंतर ४५ अंशांचे धरले, तर हिवाळ्यात १८ अंशांच्या खोलीत ६३ वर स्थिरावणारे कार्ड मे महिन्यातील ४० अंशांच्या खोलीत ८५ वर जाईल. तापमान चढले की गळती-प्रवाह वाढून वीज वाया जाते आणि बूस्ट योजना वेगाची एकेक पायरी, अलीकडच्या एनव्हिडिया कार्डांत बहुधा १५ मेगाहर्ट्झची, खाली उतरते. तेव्हा पौषातील मध्यरात्री घेतलेला उच्चांक आणि वैशाखातील दुपारची नोंद यांतील फरक कार्डाचा की ऋतूचा, हे खोलीचे तापमान लिहून ठेवल्यावाचून कोणालाही सांगता येणार नाही. हेच सूत्र एकाच बैठकीलाही लागू पडते: थंड कार्डावरची पहिली फेरी बहुधा सर्वांत उजळ निघते, म्हणून कार्ड तापवून घेतल्यानंतरच मोजणीस आरंभ करावा.

मोजणी एकदाच करूनही भागत नाही. समजा, मूळ वेगाच्या तीन फेऱ्यांत ८६४०, ८७१० आणि ८६९० असे गुण आले आणि वाढीव वेगाच्या तीन फेऱ्यांत ८७२०, ८६६० आणि ८७८० आले. ज्याला उत्साह अधिक तो ८६४० शी ८७८० ची तुलना करून दीड टक्क्याहून अधिक लाभ जाहीर करील. पण सरासऱ्या ८६८० आणि ८७२० आहेत, त्यांच्यातील अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, आणि एकाच वेगाच्या फेऱ्या आपापसांत त्याहून अधिक हेलकावत आहेत. या पुराव्यावर लाभाचा दावा दाखल करून घेता येत नाही.

राहिला प्रश्न स्थैर्याचा. इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा सिंक्रोट्रॉन आहे. तेथील संग्रहकड्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉन-प्रवाहाचे मोल त्याच्या उच्चांकाइतकेच तो किती काळ टिकतो यावरही ठरते. कार्डालाही हाच निकष लावावा. थ्रीडीमार्कच्या ताण-चाचणीत तेच दृश्य सामान्यतः वीस वेळा चालविले जाते, आणि सर्वांत मंद फेरी सर्वोत्तम फेरीच्या ९७ टक्क्यांखाली गेली तर कार्ड अनुत्तीर्ण ठरते. मात्र या कसोटीत उत्तीर्ण झालेले कार्ड निराळ्या स्वरूपाचा भार टाकणाऱ्या एखाद्या खेळात कोसळू शकते, म्हणून ती आवश्यक असली तरी पुरेशी नव्हे.

तेव्हा आकडा लिहिताना त्याच्याबरोबर खोलीचे तापमान, ड्रायव्हरची आवृत्ती, फेऱ्यांची संख्या आणि मंद फ्रेमांची गती लिहावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल मागे घेऊन जुना आकडा परत येतो की नाही हेही पाहावे. इतकी रुजवात केल्यावर इंदूरकराला बहुधा असे आढळेल की वेग वाढविण्यापेक्षा व्होल्टेज उतरविण्यानेच त्याचे काम अधिक झाले. वैशाखातील दुपारी, बंद कॅबिनेटमध्ये, अखंड भाराखाली जो वेग टिकतो तोच कार्डाचा स्वतःचा. पौषाच्या रात्री त्यावर जे काही मिळते ते हवामानाकडून घेतलेले हातउसने आहे, आणि हातउसने कोणत्याही ताळेबंदात उत्पन्नाच्या बाजूस मांडता येत नाही.