‘न’ आणि ‘ण’ : घरच्या घरीं एक पाठ

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 2016 सालीं पडद्यावर आला. आमच्या घरच्या मुलांनीं तो अलीकडे पुन्हां पाहिला. करमाळ्याकडील बोली त्यांस इतकी आवडली, कीं दोन दिवस घरांत तिच्या नकलांवांचून दुसरें कांहीं ऐकूं येईना. तिसऱ्या दिवशीं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनीं सहज विचारलें, “पानी भरलं का?” आणि मुलें खो खो हंसलीं. नायिकेच्या तोंडीं जें गोड वाटलें, तेंच मावशींच्या तोंडीं हास्यास्पद ठरलें! मावशी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु त्या दिवसापासून त्या प्रत्येक शब्द जपून उच्चारूं लागल्या, आणि एका सकाळीं धाकट्याला म्हणाल्या, “काण दुखतोय का रे?” मुलें पुन्हां हंसलीं.

भाषा आणि समाज यांचा संबंध शोधणाऱ्या पंडितांस हा प्रकार चांगला परिचित आहे. ज्याच्या उच्चारास हंसलें जातें, तो भीतीपोटीं नको तेथेंही नियम लावूं लागतो; यास अतिशुद्धीकरण म्हणतात. हें शास्त्र शिकविणारे कित्येक अध्यापक चित्रपट आणि वर्तमानपत्रें यांचाच क्रमिक पुस्तकासारखा उपयोग करितात. तसें घरींही करून पाहावें, असें मनांत येऊन मीं त्या रात्रीं मुलांस जवळ बसविलें.

आरंभीं 1964 सालचा ‘माय फेअर लेडी’ लावला. शॉच्या ज्या नाटकावरून तो निघाला, त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनीं ‘ती फुलराणी’ रचली. त्यामुळें गोष्ट मुलांस ठाऊक होती. लंडनचा सुशिक्षित मनुष्य ‘कार’ म्हणतांना शेवटचा ‘र’ गिळतो, आणि तेथें तोच प्रतिष्ठित उच्चार. आतां न्यूयॉर्कला चला. विल्यम लबॉव्ह यांनीं 1962 सालीं तेथील तीन मोठ्या दुकानांत जाऊन नोकरांस अमुक वस्तु कोठें मिळते, एवढेंच विचारलें. उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असेंच यावें, अशी योजना होती. कारण त्या दोन्ही शब्दांत ‘र’ आहे. सर्वांत महागड्या दुकानांतील शेंकडा 62 नोकरांनीं तो निदान एकदां तरी उच्चारला. स्वस्त दुकानांत हें प्रमाण सुमारें 20 वर आलें. म्हणजे लंडनला जो ‘र’ गिळणें खानदानी, तोच न्यूयॉर्कला गिळला तर कमीपणा.

“मग खरें कोणतें?” थोरलीनें विचारलें.

उत्तर आमच्या माठांतच होतें. संस्कृत शब्द ‘पानीय’. त्यांत ‘न’ आहे. महाराष्ट्री प्राकृतांत त्याचें ‘पाणिअ’ झालें, आणि त्यावरून आमचें ‘पाणी’. उलट कर्ण, पर्ण, सुवर्ण यांत मुळांत ‘ण’. प्राकृतांत तो कण्ण, पण्ण असा दुहेरी झाला, आणि आमच्या ‘शुद्ध’ मुखांत कान, पान, सोनें उरलें. एकेरी ‘न’चा ‘ण’ व दुहेरी ‘ण्ण’चा ‘न’, असा हा चोख नियम आहे. मावशींच्या बोलींत पुढें ‘ण’ आणि ‘न’ एक झाले, इतकेंच. संस्कृताशीं जवळीक हीच कसोटी धरली, तर ‘पाणी’ म्हणणारे आम्हीच दोषी, आणि मावशींचें ‘काण’ निर्दोष! 3 ऑक्टोबर 2024 रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां आमच्याकडे पेढे वांटले गेले. त्याच दिवशीं प्राकृतासही तो मिळाला, हें मात्र कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

आमच्या अण्णांस तर्कसंग्रह मुखोद्गत. ते इतका वेळ गप्प होते, म्हणाले, “पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें म्हणावें, कारण जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति आहे. ‘पानी’ ऐकून तुम्ही माणसाला अडाणी म्हणतां. तुम्हांस व्याप्ति कोठें दिसली?” गंमत अशी, कीं पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या मार्गानें जाणाऱ्या आधुनिक पंडितांसही दर्शक खुणेचें उदाहरण देतांना बहुधा धूरच आठवतो. उच्चारही तशीच खूण होय. तिच्यावरून बोलणाराचा गांव, घर, फार तर शाळा यांचा अदमास करावा. बुद्धीचा कसा करणार? मुलांस हें पटलें, निदान तीं हंसलीं नाहींत.

दुसऱ्या दिवशीं थोरली वही घेऊन मावशींकडे गेली व त्यांच्या गांवचे शब्द विचारूं लागली. मावशींनीं दोन-तीन सांगितले, तेही ‘ण’ सांभाळून. मग हातांतलें लाटणें थांबवून त्यांनीं विचारलें, “कशाला हवंय गं तुला? हंसायला?” तिला उत्तर देतां आलें नाहीं. त्या वहीचें पहिलें पानही अद्याप भरलेलें नाहीं.