१ लाख लोकांना ईमेल पाठवून धंदा वाढतो का?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा त्याचा मजकूर, जरा नीटनेटका करून.

या वेळचा प्रश्न एका लिसनरचा आहे. तिची आई घरून दिवाळीचा फराळ विकते. त्यांना एका एजन्सीचा फोन आला: ६ हजार रुपये द्या, आम्ही १ लाख लोकांना तुमच्या फराळाचा ईमेल पाठवतो. घ्यावं का?

उत्तर आधीच सांगून टाकतो: घेऊ नका. पण ‘ईमेलचा जमाना गेला’ असं काही कारण नाहीये. ईमेल चालतो. विकत घेतलेली यादी चालत नाही. आता हे का, ते बघू.

आधी एजन्सीच्या बाजूने हिशोब करू. समजा फराळाच्या एका बॉक्समागे १५० रुपये सुटतात. म्हणजे ६ हजार वसूल व्हायला ४० ऑर्डर हव्यात. १ लाखात ४०, म्हणजे अडीच हजारांत एक. वाटतं ना, की एवढे तर सहज मिळतील? एजन्सीवाले नेमकं याच वाटण्यावर विकतात.

आता एक खरा आकडा ऐका. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या एका मोठ्या नेटवर्कमध्ये शिरून मोजमाप केलं. औषधांची जाहिरात करणारे जवळपास ३५ कोटी मेल, २६ दिवस. त्यातून खरेदीपर्यंत पोचलेले लोक किती? २८. म्हणजे साधारण सव्वा कोटी मेलमागे एक जण. मान्य आहे, तो सरळसरळ स्पॅम होता, आपला फराळ खरा आहे. पण मेल कुठे कुठे गळतो, ते दोन्हीकडे सारखंच असतं.

बघा ना. विकतच्या यादीतले बरेच पत्ते बंद पडलेले असतात. काही पत्ते तर मुद्दाम पेरलेले असतात. त्यांना स्पॅम ट्रॅप म्हणतात. त्या पत्त्यांवर खरा माणूस कुणी नसतो, त्यामुळे तिथे मेल आला की पाठवणाऱ्याने यादी कुठून तरी उचलली आहे हे लगेच कळतं. उरलेल्यातले बरेच मेल स्पॅम फोल्डरमध्ये जातात. जे थोडे इनबॉक्सपर्यंत पोचतात, त्यातला एखादा नागपूरचा, एखादा चेन्नईचा. डोंबिवलीच्या काकूंची चकली त्यांना कशाला हवी?

इथपर्यंत नुकसान ६ हजारांचं. खरा फटका पुढे आहे, आणि तो एजन्सी सांगत नाही.

जीमेल, याहू यांच्याकडे प्रत्येक डोमेनची एक पत असते. बँकेत सिबिल स्कोअर असतो ना, तसंच समजा. फेब्रुवारी २०२४ पासून या दोघांनी नियम कडक केलेत. जीमेलवर दिवसाला ५ हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्याकडे तीन गोष्टी लागतात. एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरला आहे त्याची यादी. डीकेआयएम, म्हणजे मेल तुमच्याच डोमेनकडून आलाय आणि वाटेत बदललेला नाही याची डिजिटल मोहोर. आणि डीमार्क, म्हणजे ही तपासणी फसली तर त्या मेलचं काय करायचं याची सूचना. शिवाय एका क्लिकवर अनसबस्क्राइब करता आलं पाहिजे. आणि ‘स्पॅम’ बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं.

०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. अनोळखी हजार लोकांना मेल टाकला, तर वैतागून ते बटण दाबणारे तिघे मिळणार नाहीत का? सहज मिळतील. आणि एकदा पत गेली, की ती फक्त जाहिरातीपुरती जात नाही. त्याच डोमेनवरून जाणारं बिल, ऑर्डर कन्फर्मेशन, कंपनीला पाठवलेलं कोटेशन, सगळं स्पॅममध्ये जायला लागतं. दिवाळीच्या तोंडावर एखाद्या ऑफिसची १०० बॉक्सची ऑर्डर यायची असेल आणि तुमचं कोटेशनच त्यांना दिसलं नाही, तर? तुम्हाला कळणारही नाही.

मग ईमेल कुणाला परवडतो? एक जुनी गोष्ट सांगतो. ३ मे १९७८ ला गॅरी थुर्क या मार्केटिंगवाल्याने डीईसी कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना एकदम पाठवली. जगातला पहिला स्पॅम म्हणून तो प्रसिद्ध आहे. तक्रारी भरपूर झाल्या. पण थुर्कच्या सांगण्यानुसार त्यातून १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास विक्रीही झाली. कारण ते ४०० जण कॉम्प्युटर वापरणारेच होते. यादी छोटी होती, पण माणसं नेमकी होती.

आता फराळाकडे येऊ. गेल्या दोन-तीन दिवाळीत ज्यांनी बॉक्स नेले, त्यांची वही काढा. समजा ३०० जण आहेत. ऑर्डर घेताना विचारा, ‘पुढच्या वर्षी मेल पाठवला तर चालेल का?’ हो म्हणाले तेच यादीत. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदासुद्धा संमतीवरच उभा आहे. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत मेल जातो, त्यामुळे खर्च जवळजवळ शून्य. इथे १० ऑर्डर आल्या तरी दीड हजार सुटतात, आणि ही माणसं चव ओळखतात.

अजून दोन गोष्टी. पहिली, ‘ओपन रेट’वर भाळू नका. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप मेलमधली चित्रं आधीच लोड करून ठेवू शकतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. मेलमध्ये एक कूपन कोड द्या आणि त्या कोडवर किती ऑर्डर आल्या तेवढंच मोजा. दुसरी, तुमची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर असतील तर तिथेच बोला. ईमेल तिथे वापरा जिथे माणूस तो रोज उघडतो: ऑफिसच्या ऑर्डरी, परदेशातले मराठी लोक, क्लासेस.

कुणी ‘१ लाख लोकांपर्यंत पोचवतो’ म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: यातल्या किती जणांनी माझा मेल मागितलाय? उत्तर शून्य असेल, तर फोन ठेवा आणि वही उघडा.

तुमचा स्वतःचा हिशोब काय निघाला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!