२,१४,७४,८३,६४७ मूळ आहे हे ऑयलरला कसं कळलं?

मागच्या वर्षी एकदा रात्री अडीच वाजता माझा फोन वाजला. डेटाबेसमध्ये नवीन नोंदीच जात नव्हत्या. लॉग उघडला, तर शेवटचा आयडी होता २,१४,७४,८३,६४७. बत्तीस बिटांच्या कॉलममध्ये यापुढचा आकडा मावतच नाही. कॉलम मोठा करेपर्यंत उजाडलं. पण आकडा डोक्यात राहिला, कारण ही मूळ संख्या आहे.

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. आता ३१ मूळ आहे म्हणून उत्तरही मूळच येईल, असं नाही हं. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते होतात २३ × ८९. मग खात्री कशी करायची?

सरळ मार्ग असा: वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे येतं आणि तिथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. ऑयलरने १७७२ मध्ये हे कोडं सोडवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. इतके भागाकार त्याने केले नाहीत. आधी चाळणी लावली.

समजा, प या मूळ संख्येने आपल्या आकड्याला पूर्ण भाग जातो. १ पासून दुप्पट करत जा आणि दर वेळी प ने भागून फक्त बाकी ठेवा. ३१ पावलांनी बाकी पुन्हा १ येते. ३१ मूळ असल्यामुळे त्याआधी ती १ होऊच शकत नाही. फर्माचा नियम सांगतो, की प वजा १ पावलांनीही बाकी १ च येते. म्हणजे प वजा १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. शिवाय प विषम, म्हणून ६२ ने.

पटत नाही? २०४७ वर करून बघा. तिथे ११ ची दुप्पट २२. २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १. जमलं ना!

दुसरी चाळणी वर्गांच्या नियमातून येते: प ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही एकत्र केल्या, की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ येणाऱ्या मूळ संख्याच शिल्लक राहतात. त्यातली पहिली ३११. सगळ्या मिळून शंभरसुद्धा नाहीत. त्यातल्या एकीनेही भाग जात नाही. संपलं!

कॉम्प्युटरची मर्यादा नेहमी मूळच असते असं मात्र समजू नका. सोळा बिटांची ३२,७६७ आहे, तिला ७ ने भाग जातो. चौसष्ट बिटांच्या मर्यादेलाही जातो.

आणि हो, १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजणारी घड्याळं आपल्याकडच्या या वेळेला याच आकड्यावर पोचतील. तुमच्या जुन्या कोडमध्ये असं काही असेल, तर आत्ताच शोधा. रात्री अडीचच्या फोनची वाट बघू नका.

भेटू पुढच्या भागात!